मालवणच्या पाण्यात एक सकाळ

केज तालुक्यातील युसूफ वडगावहून मालवण म्हणजे सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट असा पूर्ण दिवसाचा प्रवास. दिवाळीचे हिशेब उरकून, दुकान मुनीमजींच्या हवाली करून निघणाऱ्या कुटुंबाने समुद्राचा कार्यक्रम सकाळीच ठेवावा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. चातुर्मासात आपली घरे एरवीही लांबचा प्रवास टाळतात. हिवाळ्यात पाणी निवळ असते.

नवकारसीनंतर हलका अल्पोपाहार घेऊन प्रथम स्नॉर्केलिंग करावे. कुरटे बेटावर १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले, तो सिंधुदुर्ग त्यानंतर पाहावा. किल्ला काही हलत नाही, वारा मात्र दुपारी वाढतो. होडीत लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे, पोहणाऱ्यांनीसुद्धा.

खरी काळजी पाण्याखालची. काचेच्या मुखवट्यातून खडकावर दिसणारे रंगीत प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. घरात मुंगीला जपणारे पाऊल येथे घाबरून सहज टेकते आणि ती वसाहत चिरडते. ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी तरंगते कडे धरून राहावे. खडकावर उभे करू नये, असे वाटाड्यास उतरण्यापूर्वीच सांगावे. मुलांना हे आदल्या रात्री समजावलेले बरे, पाण्यात गेल्यावर कोण ऐकतो!

डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणून चारपर्यंत किनाऱ्यावर परतावे. मालवणात बहुतेक स्वयंपाकघरांत मासळी शिजते. कंदमूळविरहित जेवणाची सोय आधी फोनवर ठरवावी, आणि तरीही दशम्या व खाकऱ्याचा डबा गाडीत असू द्यावा.