कारखान्याने गावापुढे हिशेब ठेवावा

नागपूरच्या महाल भागातून नाग नदी वाहते. शहराच्या पश्चिमेस असलेल्या लाव्याच्या टेकड्यांतून निघालेली ही लहानशी नदी वस्तीच्या पोटातून पूर्वेस जाते व पुढे कन्हान नदीस मिळते. कन्हानेचे पाणी आंभोऱ्यास वैनगंगेत उतरते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. म्हणजे महालातील घराघरांच्या मोऱ्यांतून बाहेर पडणारे पाणी वाटेत अडविले व शुद्ध केले नाही, तर ते अखेरीस कुही आणि भंडाऱ्याकडील शेतकऱ्यांच्या दारी जाऊन पोहोचते. ही गोष्ट जुनीच आहे. नवी गोष्ट अशी की, गेल्या काही वर्षांपासून या खोऱ्यातील सांडपाण्याचा मोठा भाग नदीच्या वाटेने न जाता भांडेवाडी येथे गोळा होतो, तेथे शुद्ध होतो आणि नळावाटे उत्तरेस कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविला जातो. महालातील मोरीचे पाणी आज वीज तयार करण्याच्या कामी येते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

कारखाना पर्यावरणास अनुकूल कसा होईल, हा प्रश्न अलीकडे सर्वत्र विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणून बहुतेक ठिकाणी ५ जून रोजी फाटकाजवळ रोपे लावली जातात आणि भिंतीवर हिरव्या रंगात एक वाक्य लिहिले जाते. झाडे लावू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारखान्याची पारख त्याच्या फाटकावर न करता शेजारच्या गावाच्या शिवेवर करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारखाना गावाच्या वाट्याचे पाणी किती घेतो, परत काय सोडतो आणि उरलेला गाळ, राख वा चोथा कोठे टाकतो, हा हिशेब शिवेवर उभे राहूनच तपासता येतो. शेतकऱ्याला असा हिशेब नवा नाही. विहिरीचे पाणी भावाभावांत वाटून घेताना तो हेच करीत आला आहे.

प्रथम पाण्याकडे पाहू. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर जनित्र फिरते. वापरलेली वाफ पुन्हा थंड करावी लागते. त्यासाठी जे उंच मनोरे उभारलेले असतात त्यांतून पाणी सतत हवेत उडून जाते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी जी मर्यादा ठरविली ती एका युनिट विजेमागे साडेतीन लिटर पाणी अशी आहे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला म्हणजे सुमारे ३० युनिट वीज खर्ची पडते. ती वीज औष्णिक केंद्रातून आलेली असेल, तर आपल्या शेतात पाणी येण्यापूर्वीच शंभर लिटरांच्या घरात पाणी दुसरीकडे उडून गेलेले असू शकते. कोराडीतील ६६० मेगावॉटचे तीन संच पूर्ण शक्तीने चालले, तर याच मापाने दिवसाला सोळा कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल.

हे पाणी पूर्वी पेंच प्रकल्पातून घेतले जात असे. तोतलाडोह आणि कामठी खैरी या जलाशयांवर नागपूर शहराची तहान भागते, वीज केंद्रेही त्यांवर अवलंबून असतात आणि पेंचच्या कालव्यांखालील शेतीही त्यांच्याच आशेवर असते. एका भांड्यात तीन हात घातले म्हणजे काय होते, हे २०१९ च्या पावसाळ्यात दिसून आले. त्या वर्षी जुलै महिन्यात नागपूर शहरास एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. शहराची ही स्थिती, तर कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याची काय असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

अशा परिस्थितीत महापालिका व राज्य वीज निर्मिती कंपनी यांनी सांडपाण्याचा करार केला, ही गोष्ट या भागाच्या दृष्टीने मोठ्या मोलाची आहे. दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र २०१५ च्या सुमारास सुरू झाले. पुढे भांडेवाडीच्या जुन्या केंद्राची क्षमताही २० कोटी लिटरांपर्यंत वाढविण्यात आली. आपण पहिल्या केंद्राचाच हिशेब करू. दिवसाला १३ कोटी लिटर म्हणजे वर्षाला सुमारे पावणेपाच कोटी घनमीटर पाणी. गव्हाच्या पिकास एकूण ४५ सेंटिमीटर पाणी लागते असे धरले, आणि धरणातून सोडलेल्या पाण्यापैकी निम्मेच शेतात पोहोचते असे मानले, तरी एवढ्या पाण्यात पाच हजार हेक्टर गहू भिजतो. मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्याची ही किंमत आहे.

मात्र येथेच एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. कारखान्याने धरणाचे पाणी वाचविले म्हणजे ते आपोआप कालव्यात आले, असे होत नाही. शहर वाढत असते, नवे उद्योग येत असतात आणि वाचलेल्या पाण्यावर डोळा ठेवणारे पुष्कळ असतात. २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास अग्रक्रम दिला होता आणि शेती त्याच्या मागे होती. तो क्रम २०११ साली बदलून शेती पुन्हा दुसऱ्या स्थानी आणण्यात आली. कागदावरील हा क्रम कालव्यात उतरावयाचा असेल, तर कारखान्याने सोडलेले पाणी कोणाच्या नावावर जमा झाले, हे दरवर्षी हंगामापूर्वी पाणीवापर संस्थांना कळविले गेले पाहिजे. तसे न झाल्यास कारखान्याची प्रशंसा होईल आणि शेतकऱ्याच्या पदरी काही पडणार नाही.

आणखी एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. नाग नदीच्या खालच्या अंगास याच पाण्यावर भाजीपाला काढणारे शेतकरी आहेत. उन्हाळ्यात नदीला जे पाणी असते ते शहराचेच सांडपाणी असते. ते सर्वच कारखान्याकडे वळविले तर या लोकांनी काय करावे? अशुद्ध पाण्यावरील पालेभाजी खाणाऱ्याच्या प्रकृतीस घातक असते आणि त्या पाण्यात उभे राहून खुरपणी करणाऱ्या स्त्रीपुरुषांनाही अपाय होतो, हे खरे. तरीही पाणी काढून घेणे हा त्यावरील उपाय नव्हे. शुद्ध केलेल्या पाण्याचा काही वाटा नदीत सोडावा आणि तो किती हे आधी ठरवून जाहीर करावे, हाच न्याय्य मार्ग होय.

कारखानदार अशा गोष्टी आपखुशीने करतील काय, अशी शंका पुष्कळांना वाटते. या बाबतीत महालाच्या परिसरातीलच एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. जुम्मा तलाव, ज्यास आज गांधीसागर म्हणतात, त्याच्या बाजूस जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली व १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. आज ती गिरणी राहिलेली नाही. परंतु तिने त्या काळी हवेचा दमटपणा राखणारी यंत्रे आणि आगीवर पाणी सोडणारी योजना बसविली. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ साली अपघातात सापडलेल्या कामगारास भरपाई देण्याची पद्धत घातली. त्या काळी ही मालकाची उदारता समजली गेली. पुढे १९२३ साली कामगारांच्या भरपाईचा आणि १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. ज्याला औदार्य म्हणत होते ते कर्तव्य ठरले. सांडपाण्याच्या बाबतीतही तसेच घडले आहे. नागपूरचा करार आधी झाला. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या वीजदर धोरणाने नियम केला की, शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरलेच पाहिजे.

पाण्याबाबत एवढे समाधान मानता येते. राखेबाबत तसे म्हणवत नाही.

आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार असते. शंभर पोती कोळसा जाळला तर तीस ते चाळीस पोती राख उरते. कोराडी व खापरखेडा ही दोन मोठी केंद्रे जवळजवळ असल्यामुळे त्यांच्या भोवतालच्या गावांना राखेचा जाच विशेष आहे. पाण्यात कालवून राख मोठमोठ्या बंधाऱ्यांत साठवितात. ऊन तापले म्हणजे वरची राख वाऱ्यावर उडते आणि कपाशीच्या पानांवर, चाऱ्यावर व घराच्या कौलांवर बसते. पाऊस लागला म्हणजे बंधाऱ्याची भीती. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला व राखमिश्रित पाणी खालच्या शेतांत व नाल्यांत शिरले. ज्या शेतावर राखेचा थर बसला त्याचे नुकसान पंचनाम्याच्या ठरावीक रकान्यांत मावत नाही. पीक तर गेलेच, शिवाय जमीन पूर्ववत होण्यास किती हंगाम लागतील हेही सांगता येत नाही.

वास्तविक राख ही निव्वळ घाण नव्हे. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी राखेविषयी जी अधिसूचना काढली तिचा एक मुख्य हेतू शेतजमिनीची वरची माती वाचविणे हा होता, ही गोष्ट गावात फारशी कोणास ठाऊक नसते. मातीच्या एक हजार विटांना दोन घनमीटर माती सहज लागते. या मानाने दोन लाख विटा पाडल्या की एका एकराची चार इंच माती गेली म्हणून समजावे. वीटभट्टीस माती विकणारा शेतकरी ज्या थरावर पीक येते तोच थर विकत असतो. शेजारी राखेचे डोंगर असताना असे घडावे, यात शहाणपणा नाही. राखेच्या विटा होतात, ती सिमेंटात मिसळते, रस्त्यांच्या भरावास चालते. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने सर्व राखेचा विनियोग करण्याचे बंधन केंद्रांवर घातले आणि जी राख वापरली जाणार नाही तिच्यावर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरविली. घरकुले, शाळाखोल्या आणि समाजमंदिरे बांधताना ग्रामपंचायतींनी राखेच्या विटांचा आग्रह धरला, तर बंधाऱ्याचा भार थोडा तरी हलका होईल. मात्र शेतात राख टाकण्यापूर्वी सावध असावे. भारी जमीन थोडी मोकळी करण्यासाठी राखेचे प्रयोग झाले आहेत, परंतु तीत जड धातूही असतात. मातीपरीक्षण व कृषी विद्यापीठाचा सल्ला यांवाचून कोणी फुकट देतो म्हणून राख शेतात उतरवून घेऊ नये.

हे सर्व पाहता, कारखाना सुधारतो तो एक तर नड पडली म्हणून, नाही तर नियम झाला म्हणून, असे दिसते. तिसरे कारण शेजारच्या गावाने विचारणा केली हे असू शकते, आणि ते अजून फारसे वापरले गेलेले नाही. वास्तविक विचारणेची साधने कायद्याने दिलेली आहेत. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. सुनावणीच्या दिवशी मंडपात जाऊन घोषणा देण्यापेक्षा तो सारांश महिनाभर आधी चावडीवर वाचून घेणे अधिक उपयोगी ठरते. पाणी कोठून घेणार, उन्हाळ्यात किती घेणार, राख अथवा गाळ कोठे साठविणार, बंधारा फुटल्यास पाणी कोणत्या गट क्रमांकांवरून वाहील, हे प्रश्न लिहून द्यावेत व पोच घ्यावी.

चालू कारखान्यांसाठी आणखी सोपी वाट आहे. ज्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते, त्यांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण मंडळास सादर करावयाचे असते. त्यात मालाच्या प्रत्येक एककामागे किती पाणी व कच्चा माल लागला, बाहेर किती घाण सोडली, घनकचरा किती निघाला आणि त्याचे काय केले, हे लिहावे लागते. आपण ज्याला शिवेवरचा हिशेब म्हटले तो हाच. दोन वर्षांची विवरणे शेजारी ठेवली की कारखाना सुधारतो आहे की केवळ झाडे लावतो आहे, हे चवथी शिकलेल्या माणसासही कळेल.

हा मापदंड आपल्याच संस्थांनाही लावला पाहिजे. शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरण्या, साखर कारखाने आणि उत्पादक कंपन्यांच्या डाळगिरण्या हेही कारखानेच आहेत. मालक आपण आहोत म्हणून तेथील मळीचे पाणी नाल्यात सोडले तर ते गोड होत नाही. उलट, सभासदांना ताळेबंद वाचण्याचा हक्क असल्यामुळे वार्षिक सभेत नफ्यातोट्याच्या पत्रकाबरोबर पाण्याचेही पत्रक मागणे तेथे सर्वांत सुलभ आहे.

विवरणाची प्रत मिळविण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पुरेसा आहे. त्याची फी १० रुपये असून उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय लिहावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवावा असा नियम आहे. नागपूर जिल्ह्यातील गावांनी हा अर्ज मंडळाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. कारखान्याचे नाव, गाव, तालुका व कोणत्या वर्षाचे विवरण हवे ते स्पष्ट लिहावे आणि आलेली प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावून पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी.