ऑनलाइन थेरपी चालते, पण तुम्हाला विकतात ती वेगळीच!

ऑनलाइन थेरपीबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलतात. पहिली म्हणतात, ‘स्क्रीनवर बोलून कुणी बरं होतं का? त्याला समोर माणूस लागतो.’ दुसरी ॲप विकतात. पहिल्यांचं म्हणणं पुराव्यापुढे टिकत नाही. दुसरे तोच पुरावा दाखवून भलताच माल गळ्यात मारतात. मी थेरपिस्ट नाही, पगारासाठी सॉफ्टवेअर लिहितो. ही ॲप आतून कशी बांधली जातात आणि त्यात काय मोजलं जातं हे मला माहीत आहे, म्हणून माझा राग दुसऱ्यांवर जास्त आहे.

आधी पहिल्यांचा हिशेब. अपघात, बलात्कार, दंगल, भूकंप, युद्ध यातून वाचलेल्या काही माणसांच्या बाबतीत ती घटना संपतच नाही. ती झोपेत येते, भर दुपारी ऑफिसात येते, एखाद्या वासाने येते. याला पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर हे नाव 1980 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत मिळालं. त्यावरचे ऑनलाइन उपचार कोविडमध्ये जन्मले असं अनेकांना वाटतं. पण ॲमस्टरडॅम विद्यापीठात आल्फ्रेड लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीसच ‘इंटरॲपी’ नावाची पद्धत चालवून दाखवली होती. तीत व्हिडिओ कॉलसुद्धा नव्हता. पाच आठवड्यांत दहा वेळा बसून लिहायचं. आधी घटना जशीच्या तशी, मग स्वतःला दिलेला दोष तपासत, आणि शेवटी निरोपाचं पत्र. थेरपिस्ट ते वाचून लेखी उत्तर देणार. दोघं एकमेकांना कधी बघतही नाहीत.

याच धर्तीवर बर्लिनमधल्या छळपीडितांच्या उपचार केंद्राने अरबीत ‘इलाजनफ्सी’ उभं केलं. त्याच्या चाचणीत 159 जण होते, बहुतेक इराकमधले. बाहेर युद्ध चालू असलेल्या माणसांना लेखी थेरपीने फरक पडला. ब्रिटनमध्ये 2022 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली चाचणी आणखी नेमकी आहे. 196 रुग्ण, सौम्य ते मध्यम पीटीएसडी, एकाच घटनेतून आलेला. निम्म्यांना समोरासमोरची थेरपी, जास्तीत जास्त 12 सत्रं. उरलेल्यांना आठ टप्प्यांचा ऑनलाइन कार्यक्रम आणि थेरपिस्टचे सगळे मिळून साधारण तीन तास. सोळा आठवड्यांनी ऑनलाइन गट मागे पडला नव्हता. वर्षभरानंतरच्या मुख्य मोजमापात समोरासमोरची थेरपी थोडी सरस असण्याची शक्यता उरली, हेही सांगितलं पाहिजे. पण ‘स्क्रीनवर होत नाही’ या वाक्याला इथे जागा उरत नाही.

आता या तिन्हींत समान काय आहे ते बघा. घटनेला थेट भिडणं आहे. आखणी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत काम वाचणारं कुणी आहे. आणि उपचार संपतो. पाच आठवडे, आठ टप्पे, मग निरोप.

भिडणं का लागतं, याचं कारण आजाराच्या घडणीतच आहे. घाटात अपघात झालेला माणूस घाट टाळतो, दुसऱ्या रस्त्याने लांबून जातो. सुखरूप पोचला की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि मेंदू धडा घेतो : टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो घाटाचं नावही टाळतो, मग गाडी, मग घराबाहेर पडणं. टाळणं हे या आजाराचं लक्षण आहे आणि त्याचं खाद्यही तेच. म्हणून एड्ना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण ती आठवण पुन्हा पुन्हा, ठरवून, सुरक्षित जागी बसून सांगतो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत ‘माझ्यामुळेच झालं’ यासारख्या समजुतींची उलटतपासणी होते. सुरुवातीला त्रास वाढूही शकतो. थेरपिस्ट त्यासाठीच लागतो.

आता आमच्या धंद्यात या. कुठल्याही ॲपच्या डॅशबोर्डवर तीन आकडे ठळक असतात. रोज किती जणांनी ॲप उघडलं, महिन्याने किती टिकले, किती सोडून गेले. सोडून जाण्याला आम्ही ‘चर्न’ म्हणतो आणि प्रॉडक्ट मॅनेजरची झोप त्यावर उडते. पीटीएसडीतून बरा झालेला माणूस ॲप काढून टाकतो. डॅशबोर्डवर त्याचा रंग लाल. रोज रात्री दचकून उठून ॲप उघडणारा माणूस हा उत्तम ग्राहक, त्याचा रंग हिरवा. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही. आकडा ज्या दिशेला ढकलतो तिकडे फीचर जातात.

म्हणून मिळतं काय? मूड सांगायला पाच इमोजी. सलग 30 दिवस आल्याबद्दल बॅज. अमर्याद चॅट. सत्र पुढे ढकलायला एक बटण, थेरपिस्ट बदलायला दुसरं. वापरायला सोपं, म्हणून आमच्या भाषेत हे उत्तम डिझाइन. पीटीएसडीच्या रुग्णाला मात्र ही टाळण्याची सोय आहे. ज्या आठवड्यात आठवणीला हात घालायचा, नेमकं त्याच आठवड्यात त्याला ते बटण दिसणार. आणि झोपेसाठी पावसाचे आवाज! 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती पावसात. तिथून वाचलेल्या कुणी हे ॲप उघडलं तर काय होईल, असा प्रश्न हे फीचर मंजूर करणाऱ्याला पडलाही नसेल.

माझ्या एका सहकाऱ्याचं सांगतो. बाइकच्या अपघातात त्याच्या मागे बसलेला मित्र गेला. हा वाचला. ऑफिसच्या विम्याबरोबर एका वेलनेस ॲपची सहा मोफत सत्रं होती. पाच आठवड्यांत त्याला तीन वेगवेगळे समुपदेशक मिळाले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, ‘सुरुवातीपासून सांगा.’ त्याने तीनदा सुरुवातीपासून सांगितलं. शेवटापर्यंत एकदाही पोचला नाही, कारण 45 मिनिटं संपायची. मग श्वासाचे व्यायाम, ‘स्वतःला वेळ द्या’, आणि पाच तारे द्यायची विनंती. पीटीएसडीसाठी वीस प्रश्नांची एक सर्वमान्य प्रश्नावली आहे, इंटरनेटवर फुकट मिळते. ती एकानेही भरून घेतली नाही. हा मुलगा आता ठामपणे सांगतो, ‘थेरपी करून बघितली, माझ्यावर चालत नाही.’ त्याने थेरपी केलेलीच नाही. पण हे त्याला पटवणार कोण? एचआरच्या अहवालात मात्र त्याची सत्रं ‘लाभ घेतला’ या रकान्यात जमा आहेत.

यावर एक उत्तर तयार असतं : देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, मग काहीच नसण्यापेक्षा हे काय वाईट? आकडा खरा आहे, साधारण पाऊणच आहे. 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं. पण टंचाई आहे म्हणून कुणी मलेरियावर लिमलेटच्या गोळ्या विकल्या तर त्याला आपण समाजसेवक म्हणत नाही. उलट टंचाई आहे म्हणूनच थेरपिस्टच्या तीन तासांत काम भागवणारा कार्यक्रम हवा. तो नेमका कुणी बांधत नाही, कारण तो संपतो.

शिवाय स्क्रीनच्या पलीकडे कोण आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय परिषदेची. ‘थेरपिस्ट’ आणि ‘कौन्सेलर’ या पाट्या मात्र काही आठवड्यांचा कोर्स करून लावता येतात. ॲपवर सगळ्यांचे फोटो सारख्याच गोल चौकटीत.

आणि सांगितलेलं जातं कुठे? अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ने ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि 2023 साली 78 लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या थेरपी कंपनीच्या तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 साली रुग्णांना एकेकट्याला खंडणीचे ईमेल आले. त्या नोंदी एन्क्रिप्टही केलेल्या नव्हत्या. आपल्याकडे 2011च्या नियमांत मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. बलात्काराची हकिकत आणि पिझ्झ्याची ऑर्डर, दोन्ही ‘वैयक्तिक डेटा’.

‘तुमच्या घरातून, तुमच्या सोयीने’ ही जाहिरात लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा दार लावता येईल अशी खोली असावी. वन रूम किचनमध्ये, पलीकडे टीव्ही चालू असताना बाईने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायचं कुठे? फोनचा पासवर्डही त्यालाच माहीत. ‘नाव सांगायची गरज नाही’ हे आणखी एक आमिष. बोलता बोलता कुणाची अवस्था बिघडली तर तो कुठे आहे आणि जवळ कोण आहे, हे थेरपिस्टला माहीत असावंच लागतं. निनावी माणसाकडे मदत कुठे पाठवणार?

सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस चालू केलं. 14416 या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तातडीच्या वेळी तो जरूर फिरवावा. पण हेल्पलाइन हा दरवाजा झाला, आत आठ टप्प्यांचं काही उभं नाही. ते उभं करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड अजिबात नाही. मजकूर, लिहायची जागा, सुरक्षित निरोप, प्रत्येक रुग्णामागे एकच थेरपिस्ट. कंटाळवाणं सॉफ्टवेअर आहे, चार-पाच जणांची टीम ते करू शकते. अवघड आहे ते मराठी. नुसत्या भाषांतराने भागणार नाही. आपल्याकडे माणूस ‘फ्लॅशबॅक येतात’ असं म्हणत नाही. तो म्हणतो ‘डोळ्यासमोरून हलत नाही’, ‘धसका बसलाय’. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीत ढिगाऱ्यातून निघालेल्या, आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसाला कुठले प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचे, हे बंगळुरूतल्या मीटिंगमध्ये ठरणार नाही. त्यासाठी मराठी थेरपिस्टना पगार देऊन बसवावं लागेल आणि मग चाचणी घ्यावी लागेल.

तोवर तुमच्या ऑफिसने असलं ॲप आणलं तर सही करण्याआधी विचारा की थेरपिस्ट शेवटपर्यंत तोच राहणार का, त्याची नोंदणी कुठली, आघातावरची कुठली पद्धत तो शिकलाय, आणि किती सत्रांत संपेल. मी हे एका विक्री प्रतिनिधीला विचारलं. पहिल्या तिन्हींना ‘टीमला विचारून सांगतो’ म्हणाला. चौथ्यावर त्याने मला वार्षिक प्लॅनवरची सवलत सांगितली.