गळा आमचा, तबकडी कुणाची?



मंद्रूपहून लिहितोय. सोलापूर-विजापूर रस्त्यावरचं आमचं गाव, मराठी-कानडी दोन्ही जिभांचं. इथून जवळच हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात, शके 940 चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. चांगलं झालं. दगडावर एक जुनी ओळ सापडली की पंडित धावत येतात. पण आमच्या तात्याच्या छातीत अख्खी वही आहे, ती उतरून घ्यायला कोण येणार? छाती म्हंजे दगड नव्हे. ती एक दिवस बंद पडते.

तात्या माझा चुलता. हलगी त्याची, गळा त्याचा, शब्दही त्याचेच. कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीनं त्याला शहरात नेलं. एका दिवसात आठ गाणी गाऊन घेतली. एकरकमी पैसे, एस.टी.चं भाडं आणि वडापाव. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही. कॅसेट आली. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली कंपनीचं नाव, आणि गीतकाराच्या जागी छापलेलं : पारंपरिक! तात्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाला, “आरं, म्या मेलो कवा?”

पूर्वी गावकीची हलगी बडवली की शिळी भाकर मिळायची. आता बाबासाहेबांचं गाणं गायलं की वडापाव. बलुतं निदान दरसाल सुगीला तरी मिळायचं. इथं एकदाच, आणि जन्माचा हक्क गहाण!

पण नुसत्या कंपनीला शिव्या घालून मोकळं होऊ नका. आपलंही ताट बघा. 14 एप्रिलची वर्गणी कुठं जाते? डी.जे.वाल्याला ॲडव्हान्स आणि शाहिराला हार. त्यानं मानधन मागितलं की आपणच डोळे वटारतो : समाजाच्या कामाचे पैसे मागतोस? अरे, मांडववाल्याला कधी विचारलंत का असं? भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, तेव्हा ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं त्यांना चळवळ कळली ती गाण्यातून. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघंही 2004 साली गेले. त्यांची गाणी आपण स्पीकरवर लावतो, पण कुठलं गाणं कुणाचं, हे किती पोरांना सांगता येतं?

बाबासाहेब दुसऱ्याच्या पेपरात जागा मागत बसले नाहीत. 1920 साली ‘मूकनायक’ काढला, पुढं स्वतःचा छापखाना उभा केला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1921 साली, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हॅरी पेस या काळ्या माणसानं ‘ब्लॅक स्वान’ ही तबकड्यांची कंपनी काढली. तिच्या संचालकांत ड्यू बॉईस होते. हेच ते ड्यू बॉईस, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं. काळ्यांचं गाणं खपतं हे दिसल्यावर गोऱ्या कंपन्याही त्या बाजारात उतरल्या. ‘ब्लॅक स्वान’ टिकली नाही, 1924 साली तिचा ठेवा ‘पॅरामाउंट’च्या हाती गेला. बुडाली म्हणून चुकली काय? आपल्या गळ्याची मालकी आपली, हे सांगून गेली. चेन्नईत पा. रंजित आणि त्यांच्या साथीदारांनी 2017 साली ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं केलं, वस्तीतला गाना मोठ्या रंगमंचावर नेला. मग सोलापूर जिल्ह्यात आपल्याला काय धाड भरलीय?

आता कायदा ऐका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा कर्ता गाणारा नसतो. निर्माता असतो, म्हंजे जो ते करवून घेतो तो. गाठ इथंच आहे. म्हणून निर्माता आपणच झालं पाहिजे. दुसरं, हक्क लेखी कराराशिवाय जात नाही, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. तिसरं, 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा दिला, आणि तो कंपनीला लिहून घेता येत नाही. घराघरातले जुने कागद ट्रंकेतून काढा, आपल्यातल्या वकिलांना दाखवा.

मोबाइलवर गाणं टाकलं म्हंजे कंपनी झाली असं नाही. कंपनी म्हंजे वही. त्या वहीत गाणं कुणी रचलं, गायलं कुणी, हलगी कुणी, कोरसला कोण, पैसा किती आला, कुणाला किती गेला, सगळं लिहिलेलं पाहिजे. मूळ रेकॉर्डिंग वस्तीच्या ताब्यात. म्हाताऱ्या गायकाच्या औषधाला त्यातलाच वाटा. आणि ही वही कुणाही बाईमाणसाला मागता क्षणी बघता आली पाहिजे, नाहीतर आपणही उद्या तीच कंपनी होऊ.

कुणी म्हणेल, चळवळ विकायला काढली. बाबांनो, ती कधीचीच विकली जातेय. गल्ल्यावर दुसरा बसलाय एवढंच.

यंदा डी.जे.च्या एका रात्रीचे पैसे बाजूला काढा. एक बरा माईक घ्या, बंद खोलीला गोधड्या लावा, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गळ्यापासून सुरुवात करा. आमच्याकडं तात्यापासून करतोय. त्याला दुसऱ्या कडव्याला दम लागतो. थांबत थांबत गाईल. पण खाली नाव त्याचंच लागेल.