क्रेडिट कार्ड वर्षभर वापरलं नाही? कंपनी करू शकते बंद, जाणून घ्या नियम

सोनाळा (ता. संग्रामपूर) : दवाखान्याच्या अडीअडचणीला कामी येईल म्हणून क्रेडिट कार्ड कपाटात जपून ठेवलंय? गरजेच्या दिवशी ते बंद निघू शकतं.

नियम काय?
रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, कार्ड वर्षाहून अधिक काळ वापरलं नाही, तर कंपनी ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही आणि थकबाकी नसेल, तर कार्ड बंद होतं.

कंपन्या असं का करतात?
कमाई होते ती दुकानदाराकडून मिळणारं शुल्क, वार्षिक फी आणि थकबाकीवरच्या व्याजातून. पडून असलेलं कार्ड म्हणजे नुसता खर्च. ब्रिटनमध्ये २००८ साली ‘एग’ने १ लाख ६१ हजार ग्राहकांची कार्डं बंद केली. कारण जोखमीचं दिलं. पण वेळेवर बिल भरणाऱ्यांनीही तक्रारी केल्या.

तुम्हाला फटका काय?
५०-५० हजारांची दोन कार्डं, वापर ३० हजार, म्हणजे ३० टक्के. एक बंद झालं की तोच वापर ६० टक्के दिसतो आणि क्रेडिट स्कोअर घसरू शकतो.

काय कराल?
बँकेत मोबाइल नंबर अपडेट ठेवा, नाहीतर सूचनाच मिळणार नाही. अधूनमधून छोटी खरेदी करून पूर्ण बिल भरा. कार्ड नकोच असेल तर स्वतः अर्ज करा. थकबाकी नसताना ७ कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर कंपनीला रोज ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.