लोकमताचा कौल आणि कायद्याचे आयुष्य

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या तोंडावर, १८६१ मध्ये, मिसूरी राज्याच्या दक्षिणेकडे झुकलेल्या राज्यकर्त्यांनी सेंट लुईस शहराचे पोलिसदल राज्याने नेमलेल्या मंडळाकडे सोपविले. युद्ध संपले, व्यवस्था मात्र दीडशे वर्षे टिकली. अखेर नागरिकांच्या सह्यांच्या बळावर हा प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्यातील सुमारे ६४ टक्के मतदारांनी शहराच्या बाजूने कौल दिला.

परंतु या कौलाला साध्या कायद्याचेच रूप होते. राज्यघटनेचे संरक्षण त्याला लाभले नव्हते. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या साध्या कायद्याने दल पुन्हा राज्याच्या मंडळाकडे गेले. याउलट, कॅन्सस सिटीने सर्वसाधारण महसुलाचा २५ टक्के हिस्सा पोलिसांवर खर्च करावा अशी सक्ती करता यावी, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करण्यात आली. शहरांची मुक्तता कच्च्या पायावर राहिली, सक्तीला मात्र घटनेचा आधार मिळाला.

महानगरातील गुन्हेगारीची झळ साऱ्या राज्याला लागते, हा राज्यकर्त्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि कर शहराने भरावा आणि हुकमत दुसऱ्याने चालवावी, या व्यवस्थेत खर्चाचा जाब कोण कोणाला विचारणार? सह्या गोळा करणाऱ्या नागरिकांनी एवढे ध्यानी घ्यावे की, मते मिळविणे हे निम्मेच काम होय. मिळालेला कौल कोणत्या दस्तऐवजात नोंदविला जातो, यावर त्याचे आयुष्य ठरते.