फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो. पण संगणकाच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरे आहे, असे माझे मत झाले आहे. अट एकच, फुकट म्हणजे चोरीचे नव्हे.

आमच्याकडे हिंगोलीत काय किंवा वसमत-सेनगावात काय, नवा संगणक घेतला की दुकानदाराला पहिली विनंती होते ती 'मराठी टाकून द्या' ही. मग पेनड्राइव्हवरून कुलूप तोडलेले एखादे पॅकेज आत जाते आणि त्याच्या पाठोपाठ व्हायरसही! वास्तविक मराठी त्या यंत्रात आधीच असते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० सालापासून आहे. सेटिंगमध्ये मराठी निवडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारावरून लिहिण्याची सोयही आली. पैसे मात्र आपण मोजतो ते असलेलीच वस्तू पुन्हा घेण्यासाठी.

जुन्या फॉन्टांचे दुखणे निराळे आहे. त्यांत 'क' हा खरा 'क' नसतोच; यंत्राच्या लेखी ते कुठलेतरी रोमन अक्षर असते, वर 'क'चा अंगरखा. फॉन्ट गेला की अंगरखा गेला. माझ्या मावशीने औंढ्याकडच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून टाईप करून घेतल्या होत्या. आज ती फाईल उघडली तर नुसता रोमन कचरा दिसतो. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या कित्येकजणी आता हयात नाहीत. सुदैवाने एक छापील प्रत उरली होती. ती स्कॅन करून टेसरॅक्टला दिली. हा छापील मजकूर वाचणारा प्रोग्रॅम एच. पी. कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडला आणि २००५ साली सर्वांना खुला झाला. त्याला मराठी वाचता येते, जोडाक्षरांत अडखळतो, 'जात्या'चे भलतेच काही करतो. पण मावशी चष्मा लावून दुरुस्त्या करीत बसली आहे.

मग असे प्रोग्रॅम शोधावेत कसे? नुसते नाव टाकून शोधले तर 'डाउनलोड'ची हिरवी बटणे दाखविणारी भलतीच दुकाने आधी पुढे येतात. तेथे जाऊ नये. कर्त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावे, आणि परवाना वाचावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून 'मुक्त' याचा अर्थ नुसता बिनपैशाचा असा राहिलेला नाही. वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असा आहे. लिब्रेऑफिस, सेव्हन-झिप ही त्या जातीची. महिनाभर फुकट देऊन नंतर पैसे मागणारी निराळी.

फुकटाचे काम हलके, असे काही प्राध्यापक म्हणतात. औंढ्याजवळ ज्या लायगो वेधशाळेला २०२३ साली केंद्राने मंजुरी दिली, त्या शास्त्रात गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणासाठी वापरला जाणारा लालसूट हा संचही मुक्तच आहे, एवढे त्यांना सांगावेसे वाटते.

तेव्हा माझी मागणी अशी की पुढील वर्षापासून या वार्षिकासाठी लेख युनिकोडमध्येच घ्यावेत, आणि संगणक कक्षात कुलूप तोडलेले काहीही ठेवू नये. छापखाने जुनाच फॉन्ट मागतात, ही संपादक मंडळाची अडचण खरी आहे. पण ते रूपांतर छपाईपुरते करावे. मूळ लेख युनिकोडमध्येच ग्रंथालयाच्या संगणकावर राहू द्यावा.