कसूर कुलपाचा, शिक्षा वाघाला

प्राणिसंग्रहालयातून एखादे हिंस्र श्वापद निसटल्याची वार्ता येताच लोकमताचे दोन तट पडतात, आणि वाघाच्या पिंजऱ्याचे कुलूप ज्यांनी जन्मात कधी हाती धरले नाही असे गृहस्थही त्या दिवशी निवाडा देण्याच्या अधिकारवाणीने बोलू लागतात. एका तटाचे म्हणणे असे की, माणसाच्या जिवापुढे पशूच्या जिवाची मातब्बरी ती काय. दिसताक्षणी गोळी घालावी आणि प्रकरण मिटवावे. दुसरा तट म्हणतो की, ज्या मुक्या जिवाला आपणच कैदेत टाकले त्याने उघड्या दारातून पाऊल बाहेर टाकले म्हणून त्याला ठार करणे हा निव्वळ खून होय. भुलीची औषधे उपलब्ध असताना बंदुकीला हात लावण्याचे कारणच काय? दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. परंतु ज्या घटकेवरून हे दोघे हातघाईवर येतात ती घटका मुळी निर्णयाची नसतेच. निर्णय त्यापूर्वी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, कोणीतरी घेतलेला किंवा घ्यायचा टाळलेला असतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम दुसऱ्या पक्षाचा समाचार घेऊ, कारण त्याच्या पाठीशी करुणा असल्यामुळे त्याचे म्हणणे ऐकणाऱ्याच्या गळी लवकर उतरते. अमेरिकेतील ओहायो राज्यात झेन्सव्हिल गावाजवळ 18 ऑक्टोबर 2011 रोजी एका खाजगी पशुसंग्राहकाने आपल्या वाडीवरील पिंजरे स्वतःच्या हाताने उघडले आणि नंतर स्वतःला गोळी घालून घेतली. वाडीवर 56 श्वापदे होती. त्यांपैकी सुमारे 50 मोकळी झाली. दिवस मावळण्याच्या बेतात, आसपास वस्ती, जवळून वाहता महामार्ग. शेरीफ मॅट लुट्झ यांनी आपल्या शिपायांना गोळ्या घालण्याचा हुकूम दिला आणि 18 वाघ, 17 सिंह, शिवाय अस्वले, लांडगे अशी जवळजवळ सगळी श्वापदे मारली गेली. जिवंत राहिली ती सहा. ओळीने पडलेल्या त्या कलेवरांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले आणि पशुप्रेमी मंडळींनी लुट्झ यांच्यावर आग पाखडली.

तो संताप समजण्याजोगा आहे. पण त्याच्या मुळाशी भुलीच्या औषधाविषयीची जी कल्पना आहे ती चित्रपटातून आलेली आहे. चित्रपटात डार्ट लागतो आणि वाघ कोसळतो. प्रत्यक्षात झायलाझिन आणि केटामिन यांचे जे मिश्रण आपल्याकडे वाघ-बिबट्यांसाठी सामान्यतः वापरतात त्याचा अंमल चढायला, सर्व काही यथासांग घडले तरी, पाच-दहा मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. त्यासाठी जनावराच्या वजनाचा अंदाज बरोबर हवा. डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागात बसायला हवा. आणि जनावर शक्य तितके शांत हवे. भेदरलेल्या, धावणाऱ्या पशूच्या अंगात औषध लवकर भिनत नाही, आणि डार्टची कळ लागल्याबरोबर तो एकतर अंगावर येतो किंवा मिळेल त्या वाटेने पळतो. ही मिनिटे मोकळ्या रानात चालून जातात; घराच्या अंगणात ती चालत नाहीत. अंधारात तर डार्ट मारलेले जनावर कोठे जाऊन पडले, पडले की नाही, हेच कळत नाही, आणि अर्धवट गुंगीतला वाघ झुडपात शोधायला जाणे हे शुद्धीवरच्या वाघाला सामोरे जाण्यापेक्षा कमी धोक्याचे नाही. झेन्सव्हिल येथेही एका वाघावर हा प्रयोग झाला. तो वाघ खवळला आणि अखेर त्यालाही गोळीच घालावी लागली. कोलंबस प्राणिसंग्रहालयाचे जॅक हॅना यांनी सारी हयात वन्य प्राण्यांच्या सहवासात घालवली होती, तरी त्यांनीही शेरीफच्या निर्णयाची पाठराखण केली. आम्हीही लुट्झ यांना दोष देत नाही.

दोष द्यावयाचा तर तो ओहायोच्या कायदेमंडळाला दिला पाहिजे. त्या राज्यात त्या काळी सिंह पाळण्यावर नाव घेण्याजोगे निर्बंध नव्हते. पूर्वीच्या गव्हर्नरने काढलेल्या एका बंदीहुकमाची मुदत त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संपली होती आणि तो पुढे चालू ठेवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. या वाडीविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी तर वर्षानुवर्षे शेरीफच्या दफ्तरी पडून होत्या. हिंस्र प्राण्यांविषयीचा कायदा संमत झाला तो 2012 च्या जूनमध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे. त्या संध्याकाळी 18 वाघांवर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या त्यांचा हुकूम वस्तुतः एप्रिलमध्येच निघाला होता. त्याच्यावर सही तेवढी कोणाची नव्हती.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. ‘धोका दिसला की मारा’ हे त्याचे सूत्र वरकरणी व्यवहारी वाटते. पण धोका दिसण्याची वाट पाहायची तरी कशाला, हा पुढचा प्रश्न त्या सूत्रातूनच उद्भवतो आणि त्याचे उत्तर टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयाने 1943 साली दिलेले आहे. हवाई हल्ल्यात पिंजरे फुटून श्वापदे शहरात शिरतील, या सबबीवर टोकियोचे गव्हर्नर ओदाची शिगेओ यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हिंस्र पशू मारून टाकण्याचे फर्मान काढले. सिंह, वाघ, अस्वले यांना बहुतांशी विष घालण्यात आले. तीन हत्तींनी विषारी बटाटे खाण्याचे नाकारले, तेव्हा त्यांची उपासमार करण्यात आली. त्यातील शेवटची हत्तीण सप्टेंबरच्या उत्तरार्धात मेली. पण मृत प्राण्यांचा स्मरणविधी मात्र 4 सप्टेंबरलाच मोठ्या इतमामाने उरकून घेण्यात आला होता, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना चालली होती त्यांपैकी दोन हत्ती त्या वेळी जवळच, पडद्याआड, भुकेने तळमळत उभे होते. टोकियोवर बाँबवर्षावाची मालिका सुरू झाली ती 1944 च्या नोव्हेंबरात, म्हणजे या हुकमानंतर वर्षाहून अधिक काळाने. हत्तींना दूर हलविण्याची तजवीज होऊ शकत नव्हती असेही नाही. ती सुचविली गेली होती आणि वरून नामंजूर झाली. नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयाने आपले दोन हत्ती युद्धातून जिवंत बाहेर काढलेच. उएनोमध्ये जे झाले ते लोकांच्या जिवासाठी नव्हते. युद्ध गंभीर आहे हे लोकांच्या मनावर ठसविण्यासाठी काहीतरी मारून दाखविण्याची सरकारला गरज होती. पुढे 1949 साली जपानी मुलांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण त्याच उएनोला पाठविली, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. तिथली जागा कशी रिकामी झाली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

तेव्हा गोळी कधीच नको हे जसे खोटे, तसेच गोळी सदैव क्षम्य हेही खोटे. मग खरे काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात 25 डिसेंबर 2007 रोजी, नाताळच्या संध्याकाळी, तातियाना नावाची वाघीण आपल्या खंदकातून भिंत चढून वर आली. एक तरुण प्राणास मुकला, दोघे जखमी झाले आणि वाघीण पोलिसांच्या गोळ्यांनी मारली गेली. वादाला तत्काळ उधाण आले. त्या तरुणांनी वाघिणीला डिवचले होते काय, पोलिसांना यायला उशीर झाला काय, या प्रश्नांवर रकानेच्या रकाने खर्ची पडले. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणात विचार करण्याजोगी वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे भिंत. संचालकांनी प्रथम सांगितले की भिंत 18 फूट उंच आहे. मग टेप लावून मोजली, तेव्हा ती साडेबारा फुटांच्या आतच भरली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस होती 16 फुटांहून अधिक उंचीची. खंदक 1940 सालचा. म्हणजे जवळजवळ सात दशके त्या भिंतीच्या आड वाघसिंह ठेवले गेले, लक्षावधी लोक तिच्या कठड्याशी उभे राहून गेले, आणि ती किती उंच आहे हे तिच्या धन्यालाच ठाऊक नव्हते! याच वाघिणीने आदल्या वर्षीच्या डिसेंबरात आपल्या रखवालदारणीचा हात जायबंदी केला होता. म्हणजे इशारा मिळालेला नव्हता असेही म्हणता येत नाही. वाघाने डिवचल्यावर उडी मारणे हा त्याचा धर्म आहे, आणि पोरांनी टवाळी करणे हाही, दुर्दैवाने, पोरांचा स्वभावच आहे. या दोन्ही गोष्टी गृहीत धरून भिंत बांधणे हे व्यवस्थापनाचे काम.

या बाबतीत न्यायशास्त्र लोकमतापेक्षा पुष्कळ पुढे गेलेले आहे. जी वस्तू निसटली असता उपद्रव करील ती ज्याने आपल्या आवारात आणून ठेवली, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर राखावी, हे तत्त्व इंग्लंडच्या सरदारांच्या सभागृहाने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात 1868 सालीच मान्य केले. 1957 चा बर्ट्रम मिल्स सर्कशीचा खटला तर मोठा मनोरंजक आहे. एका चिमुकल्या कुत्र्याच्या भुंकण्याने बिथरलेल्या, एरवी गोगलगाय म्हणावी अशा ब्रह्मी हत्तिणीने जवळच खेळ मांडून बसलेल्या एका बुटक्या दांपत्याचा मांडव पाडला. हत्तीण माणसाळलेली आहे, माहुताकडून कसूर झालेली नाही, कुत्रेही सर्कशीचे नव्हे, अशा सर्व सबबी मालकाने मांडल्या, आणि न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी त्या अमान्य करून भरपाई देवविली. हत्ती तो हत्ती. त्याच्या सौजन्यावर हवाला ठेवून मालकाला सुटता येत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही, अनुसूचित हिंस्र प्राणी पकडणे, भूल देणे किंवा अन्यत्र हलविणे अशक्य आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्याखेरीज त्याला मारण्याचा हुकूम निघू शकत नाही, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेला वध गुन्हा ठरत नाही. ही मर्यादा आम्हास योग्य वाटते. तिच्यात एक भर मात्र हवी. संग्रहालयातून सुटलेल्या जनावरावर झाडलेल्या प्रत्येक गोळीची, ती कितीही न्याय्य असो, चौकशी व्हावी; आणि ती गोळी झाडणाऱ्या शिपायाची नव्हे, ज्याच्या अखत्यारीतून ते जनावर सुटले त्या अंमलदाराची व्हावी.

तयारी असली म्हणजे काय घडते हेही पाहण्यासारखे आहे. सिडनीच्या टारोंगा संग्रहालयात नोव्हेंबर 2022 मध्ये कुंपणाच्या बांधणीची तार सैल पडून एक सिंह आणि चार छावे पहाटे बाहेर आले. पण बाहेर दुसरे कुंपण होते, इशाऱ्याची घंटा झाली, रात्रीच्या मुक्कामाला आलेले पाहुणे काही मिनिटांत बंदिस्त जागी हलविले गेले, आणि त्या पाचांपैकी चार जण आपण होऊन घरी परतले. भुलीचा डार्ट लागला तो एकाच छाव्याला. जन्मापासून ज्याला आयते मांस मिळाले त्या पशूला बाहेरचे जग हे शिकारीचे रान वाटत नाही, ते त्याला भयाण वाटते. गर्दीने त्याला घेरले नाही तर तो बहुधा ओळखीच्या कोपऱ्याकडेच ओढ घेतो. पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून मार्च 2024 मध्ये पिंजऱ्याबाहेर पडलेला बिबट्याही दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या आवारातच जिवंत हाती लागला. तो शहरात गेला असता तर काय झाले असते याची कल्पना, कुठल्याही गावात बिबट्या शिरल्यावर कौलांवर, झाडांवर, गाड्यांच्या टपांवर मोबाईल उंचावून जमणारी आपली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना करता येईल. अशा वेळी बंदोबस्त वाघापेक्षा बघ्यांचा आधी करावा लागतो.

आणि मोजदाद. हे शुष्क, कारकुनी वाटणारे काम किती मोलाचे आहे ते जॉर्जियाच्या राजधानीत, तिब्लिसीत, दिसून आले. 13 जून 2015 च्या रात्री नदीला पूर येऊन संग्रहालय वाहून गेले. सिंह, अस्वले, लांडगे रस्त्यांवर आले. एका पाणघोड्याला भर शहरात दुकानापुढे भूल देऊन माणसांनी अक्षरशः ढकलत ढकलत परत नेले, आणि एक पेंग्विन तर पुराबरोबर पार अझरबैजानच्या सरहद्दीपर्यंत गेला. पण सगळी हिंस्र जनावरे हिशोबी लागली, अशी ग्वाही सरकारने दिली ती संग्रहालयाकडून आलेल्या चुकीच्या माहितीवर. आणि 17 जूनला एका वखारीत लपून बसलेल्या पांढऱ्या वाघाने एका माणसाचा जीव घेतला. तिथे बंदूक कमी पडली नाही, डार्टही कमी पडला नाही. यादीची रुजवात कमी पडली.

प्राणिसंग्रहालयेच बंद करा, म्हणजे प्रश्न उरणार नाही, असा एक तिसरा पक्ष आहे. त्याच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. उद्या ती बंद करायची ठरली तरी आज पिंजऱ्यात असलेले वाघ आजच रात्री कोणाच्या तरी राखणीत राहणार आहेत.

आमचे मागणे माफक आहे. प्रत्येक संग्रहालयात, गोळी की भूल हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पाळीत एका नामनिर्दिष्ट अंमलदाराकडे असावा. त्याच्या शेजारी त्या जनावराला रोज खाऊ घालणारा राखणदार असावा. पशुवैद्य, बंदूक आणि औषध ही तिन्ही रात्री अकरा वाजता, रविवारी आणि दिवाळीतही, किती मिनिटांत हजर होतात हे प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहिलेले असावे. आणि भिंती मोजलेल्या असाव्यात. यावर असा आक्षेप ऐकू येतो की, अशा कवायतींनी लोक घाबरतील आणि संग्रहालयाचे हसे होईल. जपानात उएनो आणि तामा येथे दरवर्षी एक राखणदार गेंड्याचा, गोरिलाचा किंवा वाघाचा वेष चढवून आवारात धावतो, सहकारी जाळी आणि खोट्या बंदुका घेऊन त्याच्या मागे लागतात, तो दोघाचौघांना ‘जखमी’ करतो आणि शेवटी डार्ट लागून आडवा होतो. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मुद्दाम बोलावलेले असतात. लोक पोट धरधरून हसतात, हे खरे आहे, आणि पुढच्या रविवारी तिकीट काढून मुलाबाळांसह पुन्हा येतात.